आठशे व्होल्ट आले कुठून? जिनिंगमधल्या ड्राइव्हचे संरक्षण

राळेगाव तालुका कापसाचा. दसऱ्यानंतर वेचणीला जोर येतो, दिवाळीच्या सुमारास बाजार समितीत आणि जिनिंगच्या फाटकांवर कापसाच्या गाड्या लागू लागतात आणि तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत यंत्रांना उसंत नसते. वर्षाची कमाई या चार-पाच महिन्यांची. नेमक्या याच दिवसांत पॅनेलमधला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारे उपकरण, ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून बंद पडला की पहिला आरोप लाईनवर होतो. कधी तो खराही असतो. पण बऱ्याचदा साधा हिशेब केला तर दोष दुसरीकडेच सापडतो आणि तिथला इलाज नव्या ड्राइव्हपेक्षा कितीतरी स्वस्त असतो.

ड्राइव्ह असतो कुठे

डबल रोलर जिनला साधारण ५ एचपीची मोटर असते. ती एकाच वेगाने फिरते आणि साध्या स्टार्टरवर चालते, तिला ड्राइव्हची गरज नाही. ड्राइव्ह बसतो तो कापूस ओढून आणणाऱ्या सक्शन पंख्यावर, फीडरवर आणि रुईच्या कन्व्हेअरवर. २०००मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले आणि त्यातून जिनिंगचे आधुनिकीकरण झाले. टोपल्यांनी कापूस वाहण्याच्या जागी हवेच्या नळ्या आणि पट्टे आले, तसे पंखेही वाढले. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर त्याला लागणारी शक्ती निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वीजबिल पाहणाऱ्या मालकाला ड्राइव्ह आवडतो तो यासाठी.

त्याच्या पोटात काय असते

मीटरकडून आलेल्या तीन फेजचा प्रवाह आधी सहा डायोडच्या पुलातून जातो आणि डीसी होतो. हा डीसी मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. त्या साठ्याला डीसी बस म्हणतात. पुढे सहा आयजीबीटी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, तो साठा सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटरला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी देतात. ४१५ व्होल्टच्या वर्गातल्या ड्राइव्हमध्ये डायोड साधारण १६०० व्होल्टचे आणि आयजीबीटी १२०० व्होल्टचे असतात. पण मधले कपॅसिटर त्याहून नाजूक. त्यांना सांभाळण्यासाठी डीसी बस ८०० ते ८२० व्होल्टच्या आसपास गेली की ड्राइव्ह स्वतःहून बंद होतो. नेमका आकडा कंपनीगणिक थोडा वेगळा असतो, तो पुस्तिकेत पाहावा.

म्हणजे ‘ओव्हरव्होल्टेज’ ही तक्रार ड्राइव्ह मोटरबद्दल करत नाही आणि थेट लाईनबद्दलही करत नाही. तो आपल्या पोटातल्या साठ्याबद्दल बोलतो. साठा भरण्याचे मार्ग एकाहून जास्त आहेत.

आठशेचा हिशेब

४१५ व्होल्टच्या लाईनचे शिखर ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ५८७ व्होल्ट. डीसी बस याच्या वर जाऊ शकत नाही, स्थिर लाईनमुळे तरी नाही. आपल्याकडचे रोहित्र ११ केव्ही ते ४३३ व्होल्टचे असते, त्यामुळे रात्री भार उतरल्यावर टोकाला ४३३ दिसणे अगदी स्वाभाविक. त्याचे शिखर ६१२. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी लघुदाबासाठी ६ टक्क्यांची मुभा दिली होती, म्हणजे वरची मर्यादा ४४० व्होल्ट आणि डीसी ६२२. समजा लाईन फारच चढली आणि ४८० झाली, तरी डीसी ६७९.

आता उलट गणित करू. डीसी ८०० व्हायची तर लाईन ५६५ व्होल्ट हवी. इतका व्होल्टेज लाईनवर तासभर टिकला असता तर कारखान्यातले दिवे आणि घराघरांतले पंखे आधी गेले असते. ड्राइव्ह ट्रिप झाला आणि बाकी सगळे व्यवस्थित आहे, तर जास्तीचा व्होल्टेज एक तर क्षणभराचा होता किंवा तो लाईनकडून आलाच नव्हता. टोंग टेस्टरवर ४३० पाहून ‘व्होल्टेज जास्त आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला हा हिशेब कागदावर करून दाखवावा.

लाईन कायमच चढी असेल तर तिचा इलाज वेगळा आहे. ज्या जिनिंगचे स्वतःचे रोहित्र आहे त्यांनी त्याचा टॅप बदलून घ्यावा. तो अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांनी बदलता येतो, मात्र रोहित्र पूर्ण बंद करूनच.

मागून येणारा व्होल्टेज

सक्शन पंख्याचे चाक जड असते. वीज तोडली तरी ते बराच वेळ फिरत राहते. ड्राइव्हमध्ये थांबण्याचा वेळ ५ किंवा १० सेकंद भरलेला असेल तर ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी झरझर खाली आणतो, पण चाक आपल्या वेगाने पुढे धावत असते. अशा वेळी मोटर जनित्र होते. चाकात साठलेली ऊर्जा उलटी येऊन डीसी बसमध्ये भरते आणि सुरुवातीचे डायोड एकाच दिशेचे असल्यामुळे तिला लाईनकडे जायला वाट नसते. कपॅसिटर भरत जातात, ७०० होतात, ७५० होतात आणि ट्रिप.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ट्रिप दरवेळी पंखा बंद करताना होतो का? उत्तर ‘हो’ असेल तर लाईन निर्दोष आहे. थांबण्याचा वेळ ६० किंवा १२० सेकंद करावा, नाहीतर चाकाला आपोआप थांबू देण्याची सेटिंग निवडावी. दुसरी वाट धरली तर एक काळजी घ्यावी लागते. पंखा अजून फिरत असताना कुणी पुन्हा सुरू केला तर ड्राइव्ह शून्यापासून सुरुवात करतो आणि प्रवाह उसळतो. त्यासाठी फिरत्या मोटरचा वेग हुडकून तिथून पकडण्याची सोय जवळपास प्रत्येक ड्राइव्हमध्ये असते, ती चालू करावी.

जिथे खरोखर लवकर थांबवावे लागते तिथे ब्रेक रेझिस्टर लावतात. डीसी बस ७६०-७८० व्होल्टच्या पुढे गेली की जादा ऊर्जा त्या रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. जिनिंगमध्ये ही उष्णता हलक्यात घेऊ नये. रेझिस्टरवर रुईचे तंतू बसले तर ते पेटू शकतात. पंख्यासाठी मी तरी रेझिस्टरचा आग्रह धरणार नाही, वेळ वाढवणे पुरते.

कपॅसिटर: एक योग्य जागी, एक चुकीच्या जागी

पॉवर फॅक्टर राखायला कारखान्यात कपॅसिटर बँक असते. ती चालू होते त्या क्षणी लाईनवर एक लाट उठते. तिचे शिखर नेहमीच्या दीडपटीपर्यंत सहज जाऊ शकते. तात्त्विकदृष्ट्या ते दुपटीपर्यंत चढते. ५८७ची दीडपट म्हणजे ८८०. रोज सकाळी ठरावीक वेळी, बँक चालू झाली की ड्राइव्ह जातो, असे दिसले तर कारण हेच समजावे. ड्राइव्हच्या आधी ३ ते ५ टक्क्यांचा लाईन चोक बसवला की ही लाट बरीच बोथट होते.

चोक आणखी एक काम करतो, त्याची चर्चा कमी होते. व्होल्टेज अर्ध्या सेकंदासाठी खाली जाऊन परत उसळला तर रिकामे झालेले कपॅसिटर एकदम भरू पाहतात आणि सगळा लोंढा डायोडमधून जातो. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत हे वारंवार घडते, कारण जिनिंगचा हंगाम आणि रब्बीचे ओलीत एकाच वेळी चालते. शेतपंपांना ऑटो स्विच लावलेले असतात. लाईन परत आली की फीडरवरचे पंप एका क्षणी सुरू होतात, व्होल्टेज खचतो, मग सावरतो. महावितरण हे ऑटो स्विच काढण्याचे आवाहन वर्षानुवर्षे करत आहे. आपल्या हाती आहे ते असे: ड्राइव्हच्या आधी चोक, आणि लाईन आल्यावर दोन-चार मिनिटे थांबून, एकेक करून यंत्रे सुरू करणारा टायमर.

चुकीच्या जागेचा कपॅसिटर म्हणजे मोटरच्या बाजूचा. शेतपंपाच्या स्टार्टरमध्ये कपॅसिटर असतो आणि असायलाच हवा. पण स्टार्टर काढून ड्राइव्ह बसवताना तो मोटरच्या तारांवर तसाच राहून जातो. आयजीबीटीच्या टोकदार लहरींना कपॅसिटर म्हणजे जवळपास शॉर्टसर्किट. ड्राइव्ह चालू करताच ओव्हरकरंट येतो आणि लोक ड्राइव्ह खराब निघाला म्हणून परत पाठवतात. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर कधीच नको.

वीज कडाडते तेव्हा

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विदर्भात विजांचा जोर असतो. थेट तारेवर पडलेल्या विजेपुढे छोटी साधने टिकत नाहीत. पण बहुतेक नुकसान दूर पडलेल्या विजेमुळे तारेत उठलेल्या लाटेने होते आणि ती अडवता येते. त्यासाठी सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, एसपीडी, लावतात. इमारतीवर तडितरक्षक असेल किंवा उघड्या तारेने वीज येत असेल तर मुख्य पॅनेलमध्ये टाइप १ आणि २ एकत्र असलेला, आणि ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये टाइप २.

घेताना त्यावरचा कमाल सततचा व्होल्टेज वाचावा. २७५ व्होल्टचा एसपीडी बाजारात सर्रास मिळतो. पण रात्री चढणाऱ्या आणि न्यूट्रल सैल होणाऱ्या ग्रामीण लाईनवर तो स्वतःच तापून जातो. ३२० किंवा ३८५ व्होल्टचा घेणे शहाणपणाचे.

त्याहून जास्त चूक तारेच्या लांबीत होते. एसपीडीला जोडणारी एक मीटर तार म्हणजे सुमारे एक मायक्रोहेन्रीचा अडथळा. लाट एका मायक्रोसेकंदात एक हजार अँपिअरने चढत असेल तर त्या एका मीटरवरच एक हजार व्होल्ट उभे राहतात आणि तेही ड्राइव्हच्या वाट्याला येतात. म्हणून फेजकडची आणि अर्थकडची तार मिळून अर्धा मीटरच्या आत हवी. पॅनेलच्या एका कोपऱ्यात एसपीडी आणि दुसऱ्या टोकाला अर्थबार, मधे वेटोळे घातलेली हिरवी तार, असे दिसले तर तो एसपीडी केवळ नावाला आहे.

एसपीडी मायक्रोसेकंदांच्या लाटेसाठी असतो. तासभर चढलेल्या व्होल्टेजवर त्याचा उपयोग नाही, उलट तोच जळतो. त्यासाठी व्होल्टेज आणि फेज पाहणारा रिले हवा, जो कॉन्टॅक्टर पाडून ड्राइव्ह लाईनपासून तोडेल.

काळ्या मातीतली अर्थिंग

आपली कापसाची काळी जमीन ओली असताना वीज उत्तम वाहून नेते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते, ते पाणी धरून फुगते. पण उन्हाळ्यात हीच जमीन आक्रसते, हातभर भेगा पडतात आणि माती अर्थिंगच्या सळीपासून सुटते. पावसाळ्यात मोजलेला आकडा एप्रिलमध्ये खरा राहत नाही. अर्थिंग मोजायची ती उन्हाळ्यात, आणि खड्ड्याला पाणी द्यायचे तेही तेव्हाच. सळी भेगांच्या खाली, ओलाव्यापर्यंत गेलेली हवी.

काही जण ड्राइव्हसाठी वेगळी, ‘शुद्ध’ अर्थिंग काढतात आणि ती बाकीच्यांपासून अलग ठेवतात. हे धोक्याचे आहे. वीज पडली की दोन अलग अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक ड्राइव्हच्या आतून वाट काढतो. आयएस ३०४३ या भारतीय मानकाचाही भर सगळ्या अर्थिंग एकमेकींना जोडण्यावर आहे. वेगळा खड्डा जरूर काढा, पण तो बाकीच्यांना जोडा. मोटरची अर्थवायर चौथी कोर म्हणून केबलमधूनच ड्राइव्हपर्यंत आणा.

फेज जातो, न्यूट्रल तुटतो

डीपीवरचा एखादा डीओ फ्यूज उडाला की एक फेज जातो. साधी मोटर गुरगुरते, तापते, कळून येते. ड्राइव्ह मात्र कमी भारावर उरलेल्या दोन फेजवर चालत राहू शकतो. तेव्हा डीसी बसवरची थरथर ३०० हर्ट्झवरून १०० हर्ट्झवर येते, मोठी होते आणि कपॅसिटर आतून तापतात. इनपुट फेज लॉस नावाचे संरक्षण यासाठीच दिलेले असते. ते वारंवार ट्रिप होते म्हणून बंद करून टाकायची पद्धत मी जागोजागी पाहतो. कापूस गाडीत थांबलेला असताना तो मोह समजतो, पण बंद केलेल्या त्या एका सेटिंगमुळे काही आठवड्यांत कपॅसिटर फुगतात.

न्यूट्रल तुटण्याची गोष्ट निराळी. तीन फेजच्या ड्राइव्हला न्यूट्रल लागतच नाही, त्यामुळे त्याच्या मुख्य भागाला काही होत नाही. पण पॅनेलचा पंखा, कॉन्टॅक्टरची कॉइल आणि पीएलसीचा पुरवठा एका फेजवर असतात आणि तिथे २३०च्या जागी ४००पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. ते जळले की ‘ड्राइव्ह जळाला’ अशी हाकाटी होते. उपाय जुनाच आहे: कंट्रोलचा पुरवठा दोन फेजवर चालणाऱ्या ४१५ ते २३० व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून घ्यावा.

फ्यूज कुणाला वाचवतो

मोटरच्या तारांमध्ये शॉर्ट झाला तर आयजीबीटी साधारण १० मायक्रोसेकंद तग धरतो. तेवढ्यात ड्राइव्हचे स्वतःचे सर्किट त्याला बंद करते. कोणताही फ्यूज किंवा एमसीसीबी इतका जलद नाही. मग फ्यूज कशाला? आयजीबीटी किंवा डायोड फुटलाच, तर रोहित्राकडून येणारा प्रचंड प्रवाह तोडायला. सेमीकंडक्टर फ्यूज ड्राइव्हचा स्फोट टाळतो, पॅनेल पेटू देत नाही. पॅनेलच्या बाहेर रुईचा ढीग असेल तर या एका वस्तूवर गाठींचे गोदाम अवलंबून असते. पुस्तिकेत दिलेल्याच रेटिंगचा फ्यूज वापरावा. तिथे तार गुंडाळणे म्हणजे आगीला निमंत्रण.

लांब केबल, बोअरची मोटर

ड्राइव्ह आता शेतातही आला आहे. इथे व्होल्टेज वाढतो तो केबलमध्ये. आयजीबीटीची लहर ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदात चढते आणि केबलमधून मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर धावते. मोटरपाशी आपटून ती परत फिरते आणि तिथे दोन्ही लहरींची बेरीज होते. केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे गेली की मोटरच्या टोकाशी डीसी बसच्या दुप्पट, म्हणजे ११०० व्होल्टच्या वर शिखर येऊ शकते. ड्राइव्हच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. झिजते ते मोटरचे इन्सुलेशन, आणि तेही पहिल्या काही वेढ्यांत. शंभर मीटर खोल बोअरमध्ये मोटर असेल तर ड्राइव्हच्या पुढे साइन फिल्टर लावणे उत्तम, निदान डीव्ही-डीटी फिल्टर तरी. सबमर्सिबलला ३० हर्ट्झच्या खाली चालवू नये, कारण थ्रस्ट बेअरिंगला पाण्याचा थर धरायला वेग लागतो.

सौर पंपाचा कंट्रोलरही ड्राइव्हच आहे. त्याची डीसी बस पॅनेलच्या माळेतून थेट भरते. थंडीत पॅनेलचा उघडा व्होल्टेज चढतो, दर अंशामागे साधारण ०.३ टक्के. पाणी कमी येते म्हणून माळेत एखादे पॅनेल वाढवले, तर जानेवारीच्या एखाद्या थंड सकाळी कंट्रोलर कमाल मर्यादा ओलांडतो. इथे ट्रिप होऊन तो वाचत नाही, कारण तारा जोडलेल्या आहेत तोवर व्होल्टेज तसाच राहतो.

बंद असलेले महिने

पावसाळ्यात जिनिंग थांबते. पॅनेलमध्ये ओल धरते, पाली आणि उंदीर शिरतात. हंगामाआधी पॅनेल बंद ठेवून हीटसिंकमधली रुई आणि धूळ काढावी, केबलची भोके बुजवावीत, मग मोटरचे इन्सुलेशन तपासायला मेगर लावावा. मेगर लावण्याआधी मोटरच्या तारा ड्राइव्हपासून सोडवाव्याच लागतात, नाहीतर मेगरचे ५०० किंवा १००० व्होल्ट आयजीबीटीवर जातात. झाकण उघडण्याआधी वीज तोडून दहा मिनिटे थांबावे आणि डीसी टोकांवर मीटर लावून खात्री करावी, कारण कपॅसिटरमधला साठा जीव घेण्याइतका असतो. वर्षभराहून जास्त पडून राहिलेल्या ड्राइव्हला मात्र एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हळूहळू चढवत कपॅसिटर पुन्हा तयार करून घ्यावेत.

रिसेट दाबण्याआधी

ट्रिप होतो त्या क्षणाचा डीसी व्होल्टेज, प्रवाह आणि फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह आपल्या स्मृतीत ठेवतो. पाळीवरच्या माणसाने रिसेट दाबण्याआधी हे तीन आकडे आणि वेळ वहीत लिहून ठेवावी, सोबत एक ओळ: तेव्हा काय चालू होते, काय बंद करत होतो, आभाळ कसे होते. फ्रिक्वेन्सी घसरत असताना डीसी ८१० झाली असेल तर थांबण्याचा वेळ वाढवा. पूर्ण वेगात, सकाळी आठला, बँक चालू झाल्याबरोबर झाली असेल तर चोक मागवा. पंखा उभा असताना, रात्री, गडगडाटात झाली असेल तर एसपीडीची खिडकी पाहा. बहुतेक एसपीडींवर ती हिरवी असते आणि आतला भाग संपला की लाल होते. लाल झालेला एसपीडी पुढच्या पावसाआधी बदलायचा असतो.